खंडाळ्याचा चढ आणि साडूंचं ओव्हरड्राइव्ह

अजिबात आवाज न करता आयुष्य काढता येतं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आहे, आणि नेमकं त्याच माणसानं लग्न केलं ते माझ्या थोरल्या मेहुणीशी. ताईंचा आवाज ज्यांनी ऐकलेला नाही त्यांना यातली गंमत कळायची नाही. पनवेलजवळच्या सुकापूरच्या घराच्या बाल्कनीतून त्या खालच्या भाजीवाल्याला "मेथी कोवळी आहे का?" असं विचारतात तेव्हा पलीकडच्या इमारतीतल्या बायका आपापली मेथी तपासून घेतात. आणि आमचे साडू याच घरात, याच ताईंच्या शेजारी बसून, अशा आवाजात बोलतात की हे आपल्याला काहीतरी गुपित सांगताहेत असं समोरच्याला वाटावं. त्यांचं "मीठ वाढा" ऐकायला पंगतीतली चार माणसं पुढे वाकतात, आणि ऐकल्यावर जरा निराश होऊन मागे सरकतात.

ही सवय त्यांना नोकरीनं लावली. तळोज्याच्या एका कारखान्यात ते बॉयलरवर होते. यंत्राचा आवाज चढला म्हणजे यंत्राला त्रास होतोय, हे तिथलं तत्त्व. निवृत्त होताना बॉयलर तिथेच राहिला, तत्त्व तेवढं घरी आलं. त्यांच्या घरचा मिक्सर एक नंबरच्या पुढे कधी गेलेला नाही. इडलीचा बेत असला की चटणी वाटायचं काम ते स्वतःकडे घेतात, आणि चटणी ताटात येईपर्यंत इडल्या संपून लोक हात धुवायला उठलेले असतात. कुकरची शिट्टी तर त्यांना सोसतच नाही. ती व्हायच्या बेतात आली की घरात कुठेही असले तरी हे नेमके येऊन गॅस बंद करतात. "आमच्याकडे डाळ शिजत नाही हो, नुसती भिजते," असं ताई सगळ्या बिल्डिंगला सांगतात आणि हे बाजूला बसून प्रसन्नपणे मान डोलावतात. लेकीच्या लग्नात त्यांनी बँडवाल्याच्या कानाशी लागून "जरा हळू घ्या" असं इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, की घरात कुणीतरी गेलं असावं अशी त्या बिचाऱ्याची समजूत झाली. त्यानं टोपी काढली, सगळ्यांना वाद्यं खाली घ्यायला लावली, आणि वरात बराच वेळ मुकाट उभी राहिली. नवऱ्याकडच्यांना ती आमच्याकडची काहीतरी रीत वाटली. त्यांनीही टोप्या काढल्या.

अशा माणसाच्या नशिबात गाडीही तशीच आली. परदेशातून परतलेल्या कुणा गृहस्थाची उंच, जुनाट, ऑटोमॅटिक गाडी त्यांनी घेतली ती बाकी काही न बघता, केवळ तिच्या ओव्हरड्राइव्हवर भाळून. ओव्हरड्राइव्ह म्हणजे सगळ्यात वरचा गिअर. तो पडला की चाकं भराभर फिरतात पण इंजिन मात्र निवांत, हळू फिरत राहतं. पेट्रोल कमी लागतं, आणि आवाज तर जवळजवळ नाहीच. गिअरच्या दांड्याला एक खटका असतो. तो दाबला की हा वरचा गिअर बंद होतो, समोर पिवळा दिवा लागतो आणि इंजिन आवाज चढवून कामाला लागतं. चढ असेल आणि मागे ओझं असेल तर हा खटका दाबावा, असं गाडीच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलंय. साडूंच्या मते तो खटका गाडी बनवणाऱ्यांच्या हातून चुकून राहिला होता. "कमी फेऱ्यांत जास्त लांब जायचं, साडूबुवा," ते मला म्हणत. (आम्ही दोघंही एकमेकांना साडूबुवाच म्हणतो, त्यामुळे भांडणात फार गोंधळ होतो.) "खरं तर हा गिअर माणसालाही द्यायला हवा होता." एवढं बोलून त्यांची नजर नकळत स्वयंपाकघराकडे जाई.

पण खरा कहर झाला तो त्यांनी गाडीच्या मागे घर जोडलं तेव्हा. साडूंना दुसऱ्याकडे मुक्काम करवत नाही. यजमानांनी आपल्यासाठी गाद्या काढायच्या, पाणी तापवायचं, म्हणजे पुन्हा कुणालातरी त्रास आला. म्हणून रोडपालीच्या बाजूला ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एकाकडून त्यांनी दोन चाकांवरचं चिमुकलं घर बांधून घेतलं. पातळ पत्रा, आत दोन बाकं, ती एकमेकांना जोडली की पलंग, एक शेगडी आणि एक खिडकी. सगळा भर हलकेपणावर. बांधणाऱ्यानं हौसेनं मागे मोर काढायला घेतला होता. रंगालाही वजन असतं असं सांगून साडूंनी त्याला पिसाऱ्याच्या आधीच थांबवलं, त्यामुळे ते घर पाठीवर एक बोडका पक्षी घेऊन गावभर फिरतं. आत स्टीलचं ताट चालत नाही. ताईंचा लोखंडी खलबत्ता ते दर प्रवासाला बाहेर काढून ठेवतात आणि ताई दर प्रवासाला तो उशीच्या अभ्र्यात घालून परत आत नेतात.

या घराचा पहिला मुक्काम ओवे गावी पडला. तिथल्या एका ओळखीच्या आगरी कुटुंबात हळद होती. साडूंनी मांडवाच्या कडेला घर लावलं, खिडकी उघडली आणि गंजीफ्रॉकवर चहा गाळायला घेतला. खिडकीत माणूस, आत शेगडी, समोर मोकळी जागा. बघता बघता रांग लागली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पत्र्यावर टकटक केलं. "ओ शेट, भजी हाय का नाय? आमी कवाचे उभे हाव!" साडूंनी नम्रपणे नकार दिला, पण तो नेहमीच्या आवाजात दिल्यामुळे कुणाला ऐकूच गेला नाही. रांग वाढत गेली. शेवटी ताईंनी पदर खोचला, यजमानांकडून बेसन मागवलं आणि संपेपर्यंत भजी तळली. जाताना त्या म्हाताऱ्यांनी खिडकीत डोकं घालून "भजी बरी हाय, पन शेट काय बोलत नाय" असा शेरा दिला. ताईंनी तो आजतागायत जपून ठेवला आहे.

मग एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं ते घर घेऊन खंडाळ्याला निघालो. खोपोलीपर्यंत स्वर्ग होता. गाडी अशी गुणगुणत चालली होती की मागे माझ्या बायकोला झोप लागली. घाट सुरू झाला आणि गाडीचं डोकं फिरलं. चढाला जोर पुरेना म्हणून ती खालच्या गिअरमध्ये यायची, जरा जोर आला की ओव्हरड्राइव्ह तिला पुन्हा वर ओढायचं, वर गेली की पुन्हा दम संपायचा. ताईंना दुकानात दोन साड्या एकदम आवडल्यावर जसं होतं तसं झालं. ही घेऊ की ती, ही की ती, आणि तोवर मागे ट्रकांची रांग. मी खणातलं पुस्तक काढून तो परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवला. साडू म्हणाले, "लिहिणाऱ्यानं ही गाडी ऐकलेली नाही." दोन वळणांवर जळका वास आला, तापमानाचा काटा वर चढला आणि गाडी कडेला घ्यावी लागली. ताईंनी खाली उतरून केवळ तोंडाच्या बळावर मागची वाहतूक मोकळी केली. "भाऊजी, एकदा दाबून तर बघा तो खटका," माझी बायको काकुळतीला येऊन म्हणाली. साडू कठड्यावर बसून दरीकडे बघत म्हणाले, "एवढासा हलका ट्रेलर. त्याच्यासाठी इंजिनाला ओरडायला लावायचं? दोष ओव्हरड्राइव्हचा नाही. दोष खलबत्त्याचा." तेव्हापासून आमच्या घरात दोन तट पडले. सणासुदीला जेवणं झाली की कुणीतरी हळूच ओव्हरड्राइव्हचा विषय काढायचा आणि विडा चघळत मजा बघायची, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. बहुतेक वेळा तो कुणीतरी मीच असे.

त्यांची लेक तळेगावला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा सातव्या महिन्यात तिला आणायला जायचं ठरलं. मला रजा मिळाली नाही, साडू आणि ताई दोघंच ते घर जोडून गेले. तिला वाटेत आडवं व्हावंसं वाटलं तर गाडी थांबवून टेकता यावं, एवढ्यासाठी. सकाळी गेले आणि दुपारच्या जेवणाला तिला घेऊन सुकापुरात हजर. त्या घाटातून इतक्या लवकर? मला जरा नवल वाटलं, पण खलबत्ता घरी राहिला असेल असं म्हणून मी विषय सोडून दिला.

मुलगा झाला आणि तो आवाज थेट आजीचा घेऊन आला. तो रडायला लागला की लिफ्टमधली माणसं आपल्या मजल्याच्या आधीच उतरत. ताई अंगाई म्हणत, त्यानं तो दचकून अधिकच रडे. मग साडू त्याला घेत, खांद्यावर टाकत आणि तोंड मिटून नुसतं हुंकारत राहत, सपाट रस्त्यावर त्यांची गाडी गुणगुणते अगदी तसं. पोर गप्प. काही दिवसांनी ते त्या हुंकारातून त्याला गोष्टी सांगू लागले. काय सांगत ते कुणालाच ऐकू येत नसे, पण तो डोळे मोठे करून ऐकत राही. आम्ही सगळे इतकी वर्षं "काय म्हणालात?" असं विचारून त्या माणसाला बेजार करत आलो होतो. त्या घरात त्यांचं बोलणं पहिल्या फटक्यात ऐकणारं असं कुणीतरी शेवटी आलं होतं. मला ते बघून फार बरं वाटायचं, आणि पुढचा विचार मनात आला की बरं वाटायचं थांबायचं.

तिसरा महिना संपत आला आणि तळेगावाहून फोन आला. जावयाच्या आजी म्हणजे त्या घरातलं सर्वोच्च न्यायालय. अमावस्या लागायच्या आत बाळ उंबरठ्याच्या आत आलं पाहिजे, असा त्यांचा निकाल होता. एकदा अमावस्या लागली की आणायचं नाही, मागे न्यायचं आणि मग चांगला दिवस बघून पुन्हा निघायचं. कॅलेंडरात अमावस्या त्याच आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी सहाला लागत होती. लेकीलाही आता आपल्या घराची ओढ लागली होती, नवरा रोज फोनवर बाळाचे पाय दाखवायला सांगायचा. साडू "बरं" म्हणाले. एवढंच म्हणाले, पण बाळाच्या पाठीवर फिरणारा त्यांचा हात थांबला होता.

निघायचं साडूंनी ठरवलं तेही नेमकं शुक्रवारीच, आणि मी रजा काढून गेलो. जेवणं झाली, पाळणा, टब, दुपटी, डिंकाच्या लाडवांचे डबे ट्रेलरमध्ये चढले. मी पुढे साडूंच्या शेजारी, मागे ताई आणि लेक, तिच्या मांडीवर बाळ. निघताना साडू पुन्हा वर गेले आणि स्वतःच्या हातानं खलबत्ता आणून ट्रेलरमध्ये ठेवला. "असू दे पोरीला," म्हणाले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी पोटभर जेवलो होतो.

खोपोली मागे पडली, चढ लागला, आणि तोच खेळ सुरू झाला. वर, खाली, वर, खाली. "साडूबुवा, खटका," मी म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. वास आला. "अहो, खटका!" म्हणत मी खणातलं पुस्तक काढून मांडीवर उघडलं. त्यांनी पुन्हा मान हलवली. काटा चढला आणि शिंग्रोबाच्या देवळापाशी त्यांनी गाडी बाजूला घेतली, एखाद्यानं ठरलेल्या स्टेशनवर उतरावं इतक्या शांतपणे. बॉनेट उघडलं. तेवढ्यात आजेसासूबाईंचा फोन आला, कुठपर्यंत पोहोचलात? लेकीनं "येतोय, घाटात आहोत" म्हणून सांगितलं आणि घड्याळाकडे बघितलं.

"तासभर तरी दम खाऊ दे तिला," साडू गाडीविषयी म्हणाले.

"तासभर? सहाच्या आत नाही पोहोचलो तर?" मी विचारलं.

"तर मागे फिरायचं. आजींनीच सांगितलंय. पनवेल काय कुठे पळून गेलेलं नाही." त्यांच्या तोंडून एका दमात इतकं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. बोलून झाल्यावर ते फडकं घेऊन काच पुसू लागले. काच स्वच्छच होती.

आणि त्याच वेळी ताई खाली उतरल्या. त्यांच्या मनात काहीही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. "अहो, तिला आणायला गेलो तेव्हा तर दाबलं होतंत की ते बटण!" त्या म्हणाल्या, आणि अर्धा घाट ते ऐकत होता. "खोपोली आली न आली तोच दाबलंत! गाडी अशी किंचाळत होती, मी म्हटलं आता हिचे तुकडे होतात. आणि कशी सुसाट गेली होती वर! मग आजच काय झालं?"

साडूंचा काचेवरचा हात थांबला. आणायला जाताना हा माणूस आयुष्यभराचं तत्त्व खोपोलीच्या पायथ्याशी ठेवून गेला होता, आणि पोचवायला जाताना ते परत उचलून घेतलं होतं. ज्यानं कधी कुणाला मोठ्यानं "नको" म्हटलं नाही, त्यानं ते आज गिअरबॉक्सकडून म्हणवून घेतलं होतं. माझ्या मांडीवर ते पुस्तक उघडं होतं, आणि खरं सांगतो, असला झेल आयुष्यात पुन्हा येत नाही. तोंडावर आलेलं वाक्य चांगलं चमचमीत होतं. पण साडूंच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुस्तक मिटून खणात ठेवलं. ताईंनाही उशिरानं उमगलं. त्यांनी तोंडाला पदर लावला.

लेक बाळाला घेऊन खाली उतरली. ती वडिलांच्या शेजारी आली. मग बाळ त्यांच्याकडे देत म्हणाली, "घ्या याला. तुम्ही मागे बसा, मी चालवते." त्याच गाडीवर ती चालवायला शिकली होती, साडूंनीच शिकवली होती.

"अगं, पण..."

"बाबा, मला राहावंसं वाटत नाही असं नाही. पण आज मागे फिरले ना, तर मग माझा पायच निघणार नाही. मग तुम्ही काय कराल?"

साडू बाळाला छातीशी धरून मागे जाऊन बसले.

काटा खाली येईपर्यंत आम्ही थांबलो. मग तिनं गाडी सुरू केली, रस्त्यावर घेतली आणि अंगठ्यानं खटका दाबला. पिवळा दिवा लागला. इंजिन असं गरजलं की बाळ दचकून जागं झालं आणि त्यानंही सूर लावला. पण गाडी आता एका गिअरमध्ये ठाम होती, कुठे अडखळणं नाही, वास नाही, मागे ते बोडक्या मोराचं घर निमूट येत होतं. साडूंनी हुंकारायला सुरुवात केली. इंजिनापुढे तो हुंकार कुठला ऐकू येतोय! बाळ रडतच राहिलं. साडूंनी जरा आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. शेवटी खोल श्वास घेऊन ते चक्क गळा मोकळा करून गाऊ लागले, शब्द नसलेलं, नुसतं आ आ, इंजिनाच्या वर, वळणावळणाला. ताई बघतच राहिल्या. आवाज चांगला होता हो. तसा बऱ्यापैकी पहाडीच. लोणावळ्याच्या अलीकडे बाळ झोपलं, तरी ते गात होते, आणि लेक समोरचा रस्ता बघत बघत मनगटानं डोळे पुसत होती.

सहाच्या बरंच आधी आम्ही तळेगावात पोहोचलो. आजींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, आणि लेक बाळाला घेऊन उंबरठ्याच्या आत गेली. आतून एकदम बायकांचा गलका उठला. साडू फाटकापाशी उभे होते, हात अजून बाळ धरल्यासारखेच दुमडलेले. जेवायला थांबा म्हणून सगळ्यांनी आग्रह केला, पण ते ऐकेनात. जावयानं ट्रेलर रिकामा केला आणि आम्ही उजेड आहे तोवर निघालो. मी चालवतो म्हटलं तर त्यांनी तेही ऐकलं नाही.

खटका दाबलेलाच होता. घाट उतरताना ते बरंच असतं, इंजिन गाडीला धरून ठेवतं, म्हणून मी काही बोललो नाही. ताई मागच्या सीटवर गप्प होत्या. त्यांना गप्प बसलेलं मी प्रथमच बघत होतो आणि मला ते अजिबात आवडलं नाही. खोपोली आली, सपाट रस्ता लागला. आता ओव्हरड्राइव्ह चालू करायचं, गाडीनं गुणगुणायला लागायचं, साडूंच्या आवडीचा रस्ता. पण पिवळा दिवा जळतच होता आणि इंजिन उगाच ओरडत होतं.

"साडूबुवा," मी म्हटलं, "सपाटी आली. तो खटका सोडा आता."

त्यांनी दिव्याकडे पाहिलं.

"तिनं दाबलाय," ते म्हणाले. "राहू दे."

चौक गेलं, शेडुंग गेलं. इंजिन सबंध रस्ताभर तसंच ओरडत होतं आणि आमचे साडू ते ऐकत गाडी चालवत होते.